कुलाब्याचा आलेख आणि दोन कंपायलर

शास्त्रीय आलेख काढणारी एखादी प्रणाली संगणकावर बसवताना सर्वांत जास्त वेळ खाणारा दोष बहुधा त्या प्रणालीत नसतोच; ती प्रणाली एका कंपायलरमधून बाहेर पडलेली असते, तिला हाक मारणारा संशोधकाचा प्रोग्रॅम दुसऱ्याच कंपायलरमधून, आणि भांडण त्या दोघांच्या जोडावर होते. कंपायलर, ज्याला पारिभाषिक मराठीत संकलक म्हणतात, तो माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राला कळणाऱ्या सूचनांत उतरवतो. हे करताना काही गोष्टी भाषेच्या प्रमाणग्रंथाने ठरवून दिलेल्या असतात, पण काही प्रत्येक कंपायलर आपल्यापुरत्या ठरवून टाकतो: उपप्रोग्रॅमचे नाव यंत्रपातळीवर कसे लिहायचे, आलेले उत्तर प्रोसेसरच्या कोणत्या कप्प्यात किती रुंदीचे ठेवायचे, मजकुराची लांबी कोणत्या मापाने कळवायची. या ठरावांना येथे जोडणीसंकेत म्हटले आहे. दोन्ही पक्षांचा जोडणीसंकेत एक असेल तोवर त्याची आठवणही कोणाला होत नाही, आणि तो वेगळा निघाला की अस्खलित लिहिलेला, वर्षानुवर्षे चाललेला प्रोग्रॅमही अचानक बंद पडतो किंवा, त्याहून वाईट, चालत राहतो.

या प्रश्नाचा विचार नवी मुंबईत करण्याला एक खास कारण आहे. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, आणि तिचा वारसा कुलाब्याच्या 1826 साली सुरू झालेल्या वेधशाळेपर्यंत मागे जातो. कुलाब्याच्या चुंबकीय नोंदींची 1846 ते 1905 या काळाची मालिका वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांनी 1910 मध्ये दोन खंडांत सिद्ध केली. 2 सप्टेंबर 1859 रोजी पृथ्वीवर आदळलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद याच मालिकेत आहे. त्या दिवशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक कुलाब्याला सुमारे 1600 नॅनोटेस्लाने घसरला, आणि संस्थेच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या 2003 च्या अभ्यासामुळे ही घसरण जगभर चर्चेत आली. या भागात आडवा घटक एकूण 38,000 नॅनोटेस्लाच्या आसपास असतो, यावरून त्या घसरणीची कल्पना यावी. नोंदी अशा दीडशे-पावणेदोनशे वर्षे टिकतात. त्या वाचून आलेख काढणारे प्रोग्रॅम वीस वर्षे टिकले तरी पुष्कळ.

पुढील संवाद दोन कल्पित व्यक्तींमधला आहे. एक निवृत्त संशोधिका, जिची हयात फोरट्रान भाषेत गणिते लिहिण्यात गेली. दुसरा तिचाच एकेकाळचा विद्यार्थी, आता संगणकयंत्रणा सांभाळणारा अभियंता. वादासाठी त्यांनी एक नमुन्याचा प्रोग्रॅम गृहीत धरला आहे: तो कुलाब्याच्या ताशी नोंदी वाचतो, आडव्या घटकाचा आलेख काढतो आणि त्या कामासाठी पीजीप्लॉट ही लायब्ररी वापरतो.

पीजीप्लॉट निवडण्याचे कारण ती या दुखण्याचा ठळक नमुना आहे हे होय. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत टिम पिअर्सन यांनी 1983 मध्ये तिची सुरुवात केली, रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी ती उचलून धरली, आणि 2001 च्या 5.2.2 या आवृत्तीनंतर तिची वाढ थांबली. तिच्या लिनक्ससाठीच्या मांडणीत कंपायलर म्हणून जी-77 चे नाव लिहिलेले आहे. हा कंपायलर जीसीसी या मुक्त कंपायलर-संचाच्या 4.0 या आवृत्तीतून, म्हणजे एप्रिल 2005 मध्ये, वगळला गेला आणि त्याच्या जागी जीफोरट्रान आला. थोडक्यात, लायब्ररी जिवंत राहिली आणि तिचा कंपायलर वारला.

अभियंत्याची भूमिका पहिल्याच वाक्यात स्पष्ट होती. “मॅडम, 2001 साली थांबलेली वस्तू आज हाताने बांधत बसायचे कारणच काय? कोंडासारख्या पॅकेज-व्यवस्थेत ती तयार मिळते. नाहीतर गिझा आहे. डॅनिएल प्राइस यांनी तीच हाकेची नावे ठेवून आतले सगळे सी भाषेत नव्याने लिहिले आहे. एका आज्ञेत काम होते आणि संशोधक आपल्या संशोधनाकडे वळतो.”

संशोधिकेचा आक्षेप सोयीला नव्हता. “तयार पॅकेज आणले म्हणून कंपायलर नाहीसा होत नाही रे, तो दुसऱ्याच्या घरी चालून गेलेला असतो, एवढेच. ज्याच्या घरी चालला त्याने कोणती आवृत्ती आणि कोणते पर्याय वापरले, हे आपल्याला विचारावे लागेल तो दिवस येतोच. त्या दिवशी ज्याने आयुष्यात एकदाही लायब्ररी हाताने बांधलेली नाही, तो काय विचारायचे हेही जाणत नाही.”

हाताने बांधणे म्हणजे काय, हे येथे थोडे जवळून पाहणे योग्य ठरेल. पीजीप्लॉटच्या मूळ फाइलींबरोबर चालकांची एक यादी येते. पडद्यावर, पोस्टस्क्रिप्टमध्ये, पीएनजी चित्रात अशा प्रत्येक प्रकारच्या चित्रणासाठी तिच्यात एक ओळ असते आणि जी ओळ हवी तिच्यापुढचे उद्गारचिन्ह पुसायचे असते. मग मेकमेक नावाची छोटी आज्ञावली चालवली की बांधणीची कृती सांगणारी मेकफाइल तयार होते. तिच्यात जी-77 चे नाव जेथे जेथे असेल तेथे जीफोरट्रान घालायचे. एवढे करूनही पीएनजीचा चालक निवडला असेल तर बांधणी बहुधा एका ठिकाणी अडते, कारण पीएनजीच्या शीर्षफाइली याच फोल्डरमध्ये असल्या पाहिजेत असे मेकफाइलीतली एक ओळ धरून चालते, आणि त्या तर संगणकाच्या सामाईक जागी असतात. ती ओळ काढली की गाडी पुढे सरकते. हा अडथळा कंपायलरचा नव्हे, पण नवख्याला तो आणि पुढचा अडथळा एकाच जातीचे वाटतात, आणि तेथूनच घोळ सुरू होतो.

पुढचा अडथळा जोडणीच्या वेळी येतो. लिंकर, म्हणजे वेगवेगळे तुकडे जोडून चालणारा प्रोग्रॅम तयार करणारे साधन, सापडत नसलेल्या नावांची लांबलचक यादी पडद्यावर ओततो. अभियंत्याने कबूल केले की ही यादी पाहून बहुतेक जण ती वाचतच नाहीत. पडद्यावर खिडकी उघडणारी लायब्ररी पुन्हा बसव, फाँट पुन्हा आण, पर्यावरणचल बदलून पाहा, असे उपाय सुरू होतात, म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. संशोधिकेच्या मते सगळे निदान त्या यादीच्या वर्णलेखनातच असते. फोरट्रानमधले साधे ‘लिही’ हे वाक्य कंपायलर स्वतःच्या सहायक लायब्ररीतल्या हाकांमध्ये उतरवतो. जी-77 च्या काळात त्या हाकांची नावे एफ-टू-सी या त्याआधीच्या भाषांतरकाकडून आलेली, तोकडी आणि व्यंजनांनी भरलेली असत. जीफोरट्रानच्या हाकांच्या नावातच ‘जीफोरट्रान’ हा शब्द असतो. यादीत पहिल्या प्रकारची नावे असतील तर लायब्ररी जुन्या कंपायलरची आहे. दुसऱ्या प्रकारची असतील तर लायब्ररी नवी आहे, पण शेवटची जोडणी सी कंपायलरकडून करून घेतली आहे आणि त्याला फोरट्रानची सहायक लायब्ररी द्यायची राहून गेली आहे. दुसऱ्या प्रकाराचा इलाज एका ओळीचा आहे: जोडणी जीफोरट्रानकडूनच करून घ्यावी.

“आणि खात्री करायची असेल तर एनएम चालवायचे,” ती म्हणाली. एनएम हे साधन तयार फाइलीतली नावे एकाखाली एक मांडते आणि प्रत्येक नावाआधी एक रोमन अक्षर छापते: टी असेल तर ते नाव येथे राहते, यू असेल तर ते येथे हवे आहे पण येथे नाही. फोरट्रान कंपायलर नावाच्या शेवटी एक खालची रेघ जोडतात. मूळ नावातच खालची रेघ असेल तर जी-77 शेवटी दोन रेघा जोडत असे, जीफोरट्रान एकच जोडतो. लायब्ररीच्या यादीत दोन रेघांचे नाव टी खाली, प्रोग्रॅमच्या यादीत एका रेघेचे तेच नाव यू खाली, असे दिसले की भांडण कोठे आहे ते बोट ठेवून दाखवता येते. दुसरी रेघ जोडायला लावणारा पर्याय जीफोरट्रानमध्ये आहे खरा, पण तो वापरून जुनी लायब्ररी तशीच पुढे ओढण्यापेक्षा दोन्ही तुकडे एकाच कंपायलरमधून नव्याने काढणे केव्हाही बरे, या मुद्द्यावर दोघांचे एकमत होते.

मतभेद खरा पेटला तो बोलणाऱ्या दोषांवरून न बोलणाऱ्या दोषांकडे चर्चा वळल्यावर. अभियंता म्हणाला, “मॅडम, लिंकर ओरडतो तो दोष निरुपद्रवी. तो अर्धा दिवस खातो, पण खोटे उत्तर देत नाही. तुमच्या हाताने बांधण्याच्या पद्धतीत अडचण आहे ती गप्प बसणाऱ्या दोषांची.” त्याने दिलेले उदाहरण इतके बोलके आहे की ते सावकाश मांडले पाहिजे.

पीजीप्लॉटमध्ये पीजीआरएनडी नावाचे एक छोटे फल आहे. दिलेल्या संख्येपेक्षा मोठी, पण 1, 2 किंवा 5 ला दहाच्या घाताने गुणून येणारी सर्वांत लहान संख्या ते परत देते. अक्षावरच्या खुणा किती अंतरावर माराव्यात हे ठरवायला ते उपयोगी पडते. 1600 दिले की 2000 परत यायला हवेत. आता जी-77 चा जोडणीसंकेत असा होता की साध्या, म्हणजे 32 बिटांच्या वास्तव संख्येचे उत्तर देणारे फलही प्रत्यक्षात 64 बिटांची दुहेरी संख्या परत करी. जीफोरट्रान आपणहून तसे करत नाही, 32 बिटांचीच परत करतो. लायब्ररी जी-77 ची आणि हाक मारणारा प्रोग्रॅम जीफोरट्रानचा असेल तर 64 बिटांच्या प्रोसेसरवर कप्प्यात 64 बिटांचे 2000 ठेवले जातात आणि वाचणारा त्यातले खालचे 32 बिटच उचलतो. 2000 सारख्या गोल पूर्णांकाचा सगळा मजकूर वरच्या अर्ध्यात मावतो, खालचा अर्धा निखळ शून्यांचा असतो. उत्तर येते शून्य. नाव जुळलेले असते, कारण या नावात खालची रेघ नसल्याने दोन्ही कंपायलर ते सारखेच लिहितात. लिंकरने कसलीही तक्रार केलेली नसते. हीच गफलत संशोधकाच्या स्वतःच्या जुन्या लायब्ररीतल्या, वादळातील कमाल घट परत देणाऱ्या फलात झाली, तर उणे 1600 चेही शून्यच होते आणि 1859 चे वादळ कागदावर एक शांत दिवस ठरतो.

यातली मेख अशी की जुन्या 32 बिटी इंटेल प्रोसेसरांवर ही चूक उघडी पडतच नसे, कारण तेथे दोन्ही रुंदींच्या संख्या दशांशगणिताच्या एकाच चवडीच्या माथ्यावर परत येत आणि वाचणाऱ्याला बरोबर उत्तर मिळे. म्हणजे ‘आमचा प्रोग्रॅम इतकी वर्षे नीट चालला’ हा पुरावा येथे कवडीमोलाचा ठरतो. नोंदींच्या फाइलींचीही तीच कथा. फोरट्रानच्या द्विमान फाइलीत प्रत्येक नोंदीच्या आधी आणि नंतर तिची लांबी सांगणारे चिन्ह असते. जी-77 ते 4 बाइटांचे लिही, सुरुवातीचा जीफोरट्रान बहुतेक यंत्रांवर 8 बाइटांचे लिहू लागला आणि 4.2 या आवृत्तीपासून पुन्हा 4 वर आला. मधल्या थोड्या काळात लिहिलेल्या फाइली आजही चिन्हाची लांबी मुद्दाम सांगितल्याशिवाय सरळ वाचता येत नाहीत. (आपलीच चूक दुरुस्त करून मागे फिरणारा कंपायलर मधल्या काळातल्या लोकांना वाऱ्यावर सोडतो, हे येथे नमूद करायला हरकत नाही.)

संशोधिकेने ही उदाहरणे नाकारली नाहीत, मात्र त्यांचा अर्थ तिने उलटा लावला. तयार पॅकेजे आणून त्यांना घरची जुनी लायब्ररी चिकटवणाऱ्यालाच हा दोष गाठतो. मुळापासून सगळे एका कंपायलरने बांधणाऱ्याला तो शिवतही नाही. त्यावर अभियंत्याने 2020 ची आठवण काढली. त्या वर्षी आलेल्या जीसीसीच्या दहाव्या आवृत्तीने एकाच उपप्रोग्रॅमला एका ठिकाणी पूर्णांकांचा आणि दुसऱ्या ठिकाणी वास्तव संख्यांचा तक्ता देणे हा थेट दोष ठरवला, तोवर त्यावर बहुतेक वेळा साधी सूचनाही येत नसे. जुन्या शास्त्रीय लायब्ऱ्यांच्या बांधण्या त्यामुळे धडाधड पडल्या, आणि तो दोष पुन्हा सूचनेवर उतरवणारा पर्याय जो तो मेकफाइलीत घालू लागला.

येथे दोघांच्या भूमिकांची अदलाबदल झाली. हाताने बांधण्याचा आग्रह धरणारी संशोधिका त्या पर्यायाच्या बाजूने बोलू लागली: स्मृती महाग होती तेव्हा एकच तक्ता दोन कामांना वापरणे ही अडाणीपणाची खूण नव्हती, काटकसर होती, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 साली आलेल्या सीडीसी 3600 यंत्रावर ज्यांनी फोरट्रान गिरवली त्या पिढीने ती काटकसर जाणून केली. सोयीचा पुरस्कर्ता अभियंता मात्र कडक झाला. “कंपायलर बरोबर सांगतोय, मॅडम. तोंड बंद केलेला कंपायलर आणि जी-77 ची जुनी लायब्ररी यांत फरक काय राहिला? दोन्हीकडे दोष आहे आणि दोन्हीकडे तो दिसत नाही.” त्याचा उपाय पूर्ण बंदिस्त परिसराचा होता, म्हणजे कंपायलर, सहायक लायब्ऱ्या, पीजीप्लॉट आणि प्रोग्रॅम या सर्वांची एक सीलबंद प्रतिमा करून ठेवायची, जिला कंटेनर म्हणतात, आणि दहा वर्षांनीही तीच चालवायची. काही किलोबाइटांच्या प्रोग्रॅमसाठी शेकडो मेगाबाइटांचा डबा, म्हणजे नाकापेक्षा मोती जड, एवढेच संशोधिका म्हणाली. पण तिचा खरा युक्तिवाद जुना होता आणि तो अलिबागहून आला.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले तेव्हा त्यांच्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होते. वेधशाळेचे चुंबकीय काम म्हणून अलिबागला हलवले गेले आणि तेथे 1904 मध्ये नोंदी सुरू झाल्या. ट्राम प्रत्यक्षात 1907 मध्ये धावली. मधल्या काळात, 1904 ते 1906 अशी दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, जेणेकरून कुलाब्याची मालिका कोठे संपते आणि अलिबागची तिला कशी जोडायची हे आकड्यांनी ठरवता यावे. “कंपायलर बदलणे म्हणजे जागा बदलणे,” संशोधिका म्हणाली. “जुनी बांधणी आणि नवी बांधणी शेजारी शेजारी ठेवायची, दोघींना तेच आकडे द्यायचे, आणि फरक मांडायचा. डबा सीलबंद करून ठेवणे म्हणजे ट्राम येऊनही कुलाब्यातच बसून राहणे.”

अभियंत्याने हा दाखला तिच्यावरच उलटवला, आणि प्रस्तुत लेखाच्या मते तो येथे वरचढ ठरला. 1906 मध्ये कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बंद केल्या गेल्या. जोडनोंदीला शेवट होता. पण जुना कंपायलर आज मिळतच नसेल तर शेजारी ठेवायला जुनी बांधणी आणायची कोठून? ती टिकते फक्त डब्यात. अलिबागला वेधशाळा बांधायला घेतली तेव्हा कुलाब्यात उपकरणे चालू होती म्हणूनच दोन वर्षे मिळाली. येथे लोक आधी जुने यंत्र भंगारात देतात आणि मग फरक शोधायला बसतात. संशोधिकेला हे मान्य करावे लागले, मात्र डबा संग्रहासाठी न ठेवता तुलनेसाठी ठेवावा आणि तुलना पुरी झाली की बंद करावा, अशी तिने अट घातली.

मग प्रश्न उरला तुलना कशाची आणि किती काटेकोर. अभियंत्याला दोन्ही बांधण्यांचे आकडे शेवटच्या बिटापर्यंत जुळवून पाहायचे होते. संशोधिकेने ते होणार नाही असे सांगितले, कारण जुन्या इंटेल प्रोसेसरांची दशांशगणिताची चवड मधली गणिते 80 बिटांत ठेवी आणि आजचे प्रोसेसर तसे करत नाहीत. शेवटचे आकडे हलणारच. कुलाबा आणि अलिबाग यांच्या नोंदीही आकड्याला आकडा जुळल्या नव्हत्या, जुळणे अपेक्षितही नव्हते. पाहायचे होते ते हे की दोघींमधला फरक दिवसामागून दिवस एकाच चालीचा राहतो की नाही. म्हणून तपासणीला 1859 चे वादळ पुरत नाही, कारण वादळाचे शून्य झाले तर ते कोणालाही दिसेल. एखादा अगदी शांत दिवसही घ्यावा लागतो, ज्या दिवशी सूर्य वर चढतो तसा आडवा घटक काही दहा नॅनोटेस्लांनी हलतो आणि संध्याकाळी परत जागेवर येतो, कारण लहान चूक लपायला जागा तेथेच मिळते.

हे दोन दिवस, दोन बांधण्या आणि त्यांच्यातल्या फरकाची तिसरी रेघ, असे ठरले. फरकाची रेघ मात्र कोणत्या बांधणीतून काढायची, असे अभियंत्याने विचारले, कारण तिच्या अक्षावरच्या खुणा पुन्हा त्याच पीजीआरएनडीच्या हातात. संशोधिकेने क्षणभर विचार केला आणि सांगितले की पहिल्यांदा तरी ती आलेखाच्या कागदावर, पेन्सिलीने काढावी.